ऑफिस ऑफिसातच ठेवायचं कसं: आयटीत नव्यानं लागलेल्यांसाठी

२०१४ च्या कोजागरीला आमच्या वाकडच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं आणि मी पाण्याच्या टाकीमागं मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. वायफायची रेंज तेवढ्याच कोपऱ्यात यायची. उठले तेव्हा पातेलं घासून पालथं घातलेलं होतं आणि आईनं माझ्यासाठी बाजूला ठेवलेल्या पेल्यातल्या दुधावर जाड साय धरली होती. एवढं तातडीचं काम कोणतं, तर एका रिपोर्टातल्या रकान्याचं शीर्षक बदलायचं होतं. क्लायंट तो रिपोर्ट पुढच्या सोमवारी उघडणार होता.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. ऑनसाइटवाल्या, म्हणजे क्लायंटच्या देशात बसणाऱ्या, सहकाऱ्यानं 'वेळ मिळेल तेव्हा बघ' असा मेसेज टाकला होता. वेळ मिळेल तेव्हा म्हणजे आत्ता, असा अर्थ मीच लावला.

कॉलेजातून थेट पुण्याच्या हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात येऊन पडलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. क्लायंट परदेशात आहे, टीम अर्धी इथं अर्धी तिकडं आहे, आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम आहे आणि दिवस नेमका कुठं संपतो ते कळत नाही, अशी तुमची अवस्था असेल तर पुढं वाचा. नोकरी सोडून गावी शेती करा, असलं काही मी सांगणार नाही. हप्ते मलाही आहेत. तेरा वर्षं प्रॉडक्शन सपोर्टमध्ये, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टिम सांभाळण्यात, काढल्यावर जे जमलं आणि जे फसलं, ते सांगते. मुद्दा एकच आहे आणि तो मला फार उशिरा कळला: कामातून सुटायची तयारी रात्री नऊला करून भागत नाही, ती दुपारी चारपासून करावी लागते.

आधी हे जमवून ठेवा

- नेमणूकपत्र. त्यातलं शिफ्टचं आणि कामाच्या तासांचं कलम एकदा नीट वाचा. बहुतेकांनी फक्त पगाराचं पान वाचलेलं असतं.
- कंपनीचं रजेचं धोरण आणि कॉम्प-ऑफचे, म्हणजे जादा कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या सुट्टीचे, नियम.
- क्लायंटच्या देशातल्या सुट्ट्यांची यादी.
- ऑन-कॉलचा, म्हणजे वेळेबाहेर बिघाड झाला तर बघायची पाळी कुणाची याचा, तक्ता आणि अडचण आली तर कुणाला, कोणत्या क्रमानं फोन करायचा ती यादी.
- एक साधी वही. अॅप नको, कारण वही उघडताना मेसेज दिसत नाहीत.
- गजराचं घड्याळ, सेलवर चालणारं. हसू नका, याचं कारण पुढं येतंय.

## १. आठवडाभर नुसतं मोजा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. घरी असताना कामासाठी फोन किंवा लॅपटॉप हातात घेतला की वहीत एक ओळ लिहायची: किती वाजता, कुणामुळं, आणि सकाळपर्यंत थांबलं असतं तर काय बिघडलं असतं.

तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. मी भरला तेव्हा खरोखर न थांबण्यासारख्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावल्या. उरलेल्यांतल्या बऱ्याच तर कुणी विचारलेल्याच नव्हत्या. मीच 'एकदा बघून घेते' म्हणून मेल उघडले होते. म्हणजे माझा निम्मा त्रास मॅनेजरकडून येत नव्हता, तो माझ्याच अंगठ्यातून येत होता. तुमचं चित्र वेगळं निघू शकतं. पण हे मोजल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांत कुणाशी भांडायचं आणि कुठं स्वतःचा हात आवरायचा, ते कळणार नाही.

## २. दोन देशांची घड्याळं एकदाच समजून घ्या

हे कुणीही शिकवत नाही आणि याच्यावरच सगळ्यात जास्त संध्याकाळी वाया जातात.

आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, अमेरिकेचं आणि ब्रिटनचं हलतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं येतं. ब्रिटनमध्ये हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. त्यामुळं न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. लंडनचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड, नाहीतर अडीच. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. अॅरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळ हलवतच नाहीत, त्यामुळं फिनिक्सचा क्लायंट असेल तर बाराही महिने साडेनऊ.

आता यातली मेख. रोजची मीटिंग ज्यानं कॅलेंडरवर टाकली असेल, त्याच्या देशाचं घड्याळ तिला लागू होतं. न्यूयॉर्कच्या माणसानं सकाळी अकराची मीटिंग टाकली असेल तर ती तुम्हाला ऑक्टोबरात रात्री साडेआठला येते आणि नोव्हेंबरात गुपचूप साडेनऊला सरकते. जेवणाची वेळ गेली आणि कुणाला विचारायची सोयही नाही, कारण कुणी काही बदललेलंच नाही.

म्हणून नव्या प्रोजेक्टवर रोजची मीटिंग ठरत असेल तर आपण होऊन म्हणा, 'इन्व्हाइट मी पाठवतो' किंवा 'पाठवते'. ती भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला ठेवा. न्यूयॉर्कवाल्यांना ती उन्हाळ्यात सकाळी दहाला येईल, हिवाळ्यात नऊला. दोन्ही वेळा त्यांच्या ऑफिसच्या तासांत बसतात, तक्रारीला जागा नाही. तुमचे साडेसात वर्षभर साडेसातच राहतात. एवढं एक इन्व्हाइट पाठवल्यानं माझ्या हिवाळ्यातल्या रात्री मोकळ्या झाल्या. प्रमोशननंही तेवढं झालं नव्हतं.

इथं फसाल: संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायचं असेल तर सकाळ उशिरा सुरू झाली पाहिजे. नवी मुलं साडेनऊला लॉगिन करतात आणि रात्री नऊपर्यंत बसतात, कारण सकाळी इथला लीड बघतो आणि रात्री तिथला. दोघांनाही खूश ठेवायच्या नादात दिवस बारा तासांचा होतो. पहिल्याच महिन्यात विचारून घ्या, 'मी अकरा ते आठ धरू का?' हे विचारल्यानं कुणी काढून टाकत नाही.

## ३. 'तातडीचं' म्हणजे काय, ते लिहून घ्या

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून, नकार अवाजवी ठरत नसेल तर, वेळेबाहेरच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यानं मिळाला. आपल्याकडं २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तुमच्यापुरता कायदा तुम्हाला तुमच्या लीडशी बोलूनच करावा लागणार.

तो भांडून होत नाही. माझ्या एका मित्रानं टीमच्या ग्रुपवर तावातावानं 'सातनंतर मी उपलब्ध नाही' असं टाकलं. पुढचे सहा महिने प्रत्येक सहाच्या मीटिंगला त्याला 'सर, आपली वेळ झाली' असं ऐकावं लागलं. तुम्ही एकट्यात बोला, शुक्रवारी दुपारी, कामाचा डोंगर नसताना. आणि नकारानं सुरू करू नका. मी साधारण असं बोलले होते:

'प्रॉडक्शन बंद पडलं, पैशांचे व्यवहार अडकले किंवा डेटा चुकीचा जायला लागला, तर मला कधीही फोन करा, मेसेज नको. मी फोन उचलेनच. बाकी सगळं टिकेटवर टाका, सकाळी आल्याआल्या बघते. चालेल ना?'

यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे समोरच्याला खात्री मिळते की खरं संकट आलं तर तुम्ही आहात. दुसरी म्हणजे तातडीसाठी फोन आणि बाकीच्यासाठी टिकेट, म्हणजे कामाच्या यादीतली नोंद, अशी वाट ठरते. फोन करणं माणसाच्या जिवावर येतं. नंबर शोधा, रिंग ऐका, 'सॉरी, डिस्टर्ब केलं का' म्हणा. एवढं करण्याइतकं काम महत्त्वाचं आहे का, हे तो माणूस स्वतःच ठरवतो आणि दहातले नऊ वेळा सकाळपर्यंत थांबतो.

बोलणं झाल्यावर दोन ओळींची मेल टाका: 'आज ठरलं त्याप्रमाणे...' लीड बदलतात, मेल राहते.

इथं फसाल: ठरवल्यानंतर पहिल्याच आठवड्यात रात्री साडेदहाला कुणीतरी 'छोटंसं आहे' म्हणून मेसेज टाकेल आणि तुम्ही चांगुलपणानं उत्तर द्याल. तिथं सगळं बोलणं पाण्यात गेलं. रात्री काम केलंच असेल तरी उत्तर सकाळी जाईल असं वेळ लावून पाठवा, मेलमध्ये आणि टीम्स या ऑफिसच्या चॅट अॅपमध्ये ती सोय असते. रात्री अकराला गेलेलं उत्तर वाचून लोक एवढंच लक्षात ठेवतात, की ही अकरालाही असते.

## ४. फोनची डागडुजी

अर्ध्या तासाचं काम आहे, रविवारी उरका.

अँड्रॉइडवर कंपनीनं वर्क प्रोफाइल टाकून दिलं असेल तर ऑफिसच्या अॅपवर छोट्या बॅगेचं चिन्ह दिसतं. त्या भागात वर्क प्रोफाइल थांबवायचं एक बटण असतं. ते दाबलं की ऑफिसची सगळी अॅप झोपतात आणि सकाळी दाबलं की जागी होतात. कंपनीनं तसं दिलेलं नसेल तर डिजिटल वेलबीइंगमधल्या फोकस मोडला वेळ लावून ठेवा. आयफोनवर फोकस नावाचीच सोय आहे. टीम्स आणि आउटलुकच्या मोबाइल अॅपमध्येही शांततेचे तास आणि दिवस ठरवता येतात. शनिवार-रविवार तिथंच खूण करून टाका.

व्हॉट्सअॅप हे खरं दुखणं. टीमचा ग्रुप 'नेहमीसाठी' म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये ढकला. तरी तुमचं नाव घेऊन कुणी मेसेज टाकला किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर सूचना येतेच, त्यामुळं काही हुकेल ही भीती नको. निळ्या खुणा बंद केल्या तरी ग्रुपमध्ये मेसेज वाचल्याचं दिसतंच. म्हणून 'नुसतं वाचते, उत्तर देत नाही' हा उपाय तिथं चालत नाही. मग उघडूच नका.

डू नॉट डिस्टर्ब लावताना एक बारकावा बघून घ्या. एकाच नंबरावरून लागोपाठ दुसरा फोन आला तर तो वाजू देण्याची सोय त्यात असते. अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत, आयफोनवर तीन मिनिटांच्या आत. घरच्यांसाठी फार चांगली सोय आहे, आणि लीडलाही सांगून ठेवता येतं की 'खरंच जळत असेल तर दोनदा करा'.

आणि आता ते घड्याळ. फोनचाच गजर लावत असाल तर सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं काय दिसतं? गजर बंद करताना अंगठ्याखाली रात्रभरच्या मेल. अंथरुणातच ऑफिस सुरू. सेलचं घड्याळ लावा आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवा. फोनची रिंग तिथून ऐकू येते, मेसेजचा टिंग ऐकू येत नाही. हवं होतं तेच.

## ५. तीन घंटा

सगळा खटाटोप या पायरीसाठी आहे. बाकीच्या गाळल्यात तरी ही गाळू नका.

अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. पुढं २०११ च्या एका अभ्यासात असंही दिसलं की ते काम संपवावंच लागतं असं नाही. ते केव्हा आणि कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी मन त्याचा पिच्छा सोडतं. मला हे वाचायच्या आधी आमच्या आजीकडून कळायला हवं होतं. ती रात्री ओटा पुसल्यावर सकाळच्या भाजीचं ठरवूनच झोपायची, आणि पडल्या पडल्या घोरायला लागायची.

नाटकाला तीन घंटा होतात, मग पडदा. मी तीच पद्धत उचलली. फक्त इथं पडदा पडायचा असतो. माझा दिवस साडेसातची मीटिंग उरकून आठला संपतो असं धरून सांगते.

पहिली घंटा, दुपारी चार. या वेळेनंतर नवीन किचकट काम उघडायचं नाही. पाच मिनिटं थांबून बघायचं: आज काय संपणार आहे, काय नाही, आणि जे संपणार नाही ते कुणाला आजच सांगायला हवं. 'उद्या देते' हे चारला सांगितलं तर ते नियोजन वाटतं. तेच साडेसातला सांगितलं तर सबब वाटते. संध्याकाळचे अर्धे फोन या एका गोष्टीनं बंद झाले.

दुसरी घंटा, सात. हँडओव्हर, म्हणजे काम पुढच्याच्या हाती देतानाची नोंद. तिकडची टीम असेल तर त्यांच्यासाठी, नसेल तर उद्याच्या स्वतःसाठी. माझ्या हँडओव्हरमध्ये चारच ओळी असतात: काय झालं, काय अडलंय आणि कुणामुळं, रात्रीत काही बिघडलं तर पहिलं काय तपासायचं, आणि मी परत कधी येणार. तिसरी ओळ नीट लिहा. कोणती लॉग फाइल, कोणता जॉब परत चालवायचा, कुठं हात लावायचा नाही. त्या ओळीत आळस केला की रात्री एकला फोन येतो आणि तीच ओळ झोपेत बोलून सांगावी लागते. स्वानुभव आहे.

तिसरी घंटा, पावणेआठ. वही. उद्याची पहिली तीन कामं लिहायची आणि पहिल्या कामाची पहिली कृतीसुद्धा. 'बिलिंगचा बग' एवढं लिहून भागत नाही. 'बिलिंगचा बग: मंगळवारच्या रात्रीच्या लॉगमध्ये टाइमआउट शोधायचा' असं लिहा. पहिलं लिहिलंत तर आंघोळ करतानाही बग डोक्यात, दुसरं लिहिलंत तर नाही. मग मनाला खुपलेली एखादी गोष्ट असेल तर तीही एका ओळीत. मीटिंगमध्ये कुणी तोडून बोललं, आपलं काय चुकलं. ते वहीत राहू द्या, घरी न्यायचं नाही.

मग टॅब बंद. सगळे. 'उद्या लागतील' म्हणून उघडे ठेवलेले चाळीस टॅब सकाळी कालचाच गोंधळ परत समोर मांडतात. लॅपटॉप शटडाउन करायचा, नुसता मिटायचा नाही. मिटलेला लॅपटॉप जेवता जेवता एका हातानं उघडता येतो. शटडाउन केलेला चालू होऊन, व्हीपीएन लागून, पासवर्डनंतर ओटीपी येईपर्यंत माणसाला अक्कल येते.

पहिले दोन आठवडे हे कृत्रिम वाटेल. चार वाजता कुणीतरी हमखास अडवेल. एखादी घंटा चुकली तर तिसरी तरी वाजवा.

## ६. ऑफिस आणि घर यांच्यात थोडी जागा सोडा

हिंजवडीतून निघून भूमकर चौकात अडकलेल्या माणसाला 'प्रवासाचा आनंद घ्या' म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. तरी एक सांगते: कॅबमधून कॉल घेऊ नका. त्या तासाभराच्या रडगाण्याचा एकच उपयोग आहे, तो म्हणजे डोकं थंड होणं, आणि तोही आपण मीटिंगला देऊन टाकतो.

घरून काम असेल त्या दिवशी अडचण जास्त. खोलीतून खोलीत गेलं की घर, मध्ये रस्ताच नाही. मी आठला लॅपटॉप, चार्जर, हेडफोन सगळं बॅगेत भरून बॅग कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकते. काढायला स्टूल लागतं. मग कपडे बदलते आणि खाली जाऊन दूध, कोथिंबीर, काहीतरी घेऊन येते. घरात काही नको असलं तरी जाते.

वन-रूम किचनमध्ये तिघं-चौघं राहत असाल तर पलंगावर बसून काम करू नका. फोल्डिंगचं टेबल घ्या, संध्याकाळी ते मिटून भिंतीला लावा. ज्या जागी दिवसभर शिव्या खाल्ल्या त्याच जागी झोप लागत नाही.

## ७. मोकळ्या वेळेला कुणाचं तरी बोलावणं असू द्या

एवढं करून संध्याकाळ मोकळी झाली की पहिल्याच दिवशी माणूस सोफ्यावर पडतो, रील्स बघतो आणि अर्ध्या तासानं परत मेल उघडतो. रिकाम्या जागेत काम परत शिरतं. तिथं दुसरं काहीतरी बसवावं लागतं. माझ्या अनुभवात टिकलेल्या गोष्टींत दोन खुणा सारख्या होत्या: हात गुंतलेले असतात आणि कुणीतरी आपली वाट बघत असतं.

माझ्यासाठी ते ढोल-ताशा पथक ठरलं. पुण्यात गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी आणि मोकळ्या मैदानांवर पथकांचा सराव सुरू होतो, आणि त्यात आयटीतली मुलंमुली भरपूर असतात. २०१६ मध्ये मैत्रिणीनं ओढत नेलं. कमरेला ढोल बांधलेला, दोन्ही हातांत टिपरू आणि थापी, समोर ताशावाला. फोन बघायचा कसा? आणि आपण एक ठोका चुकलो तर अख्खी रांग बिघडते, त्यामुळं टिकेटचा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही. घरी आले तेव्हा दंड भरून आले होते आणि कित्येक महिन्यांनी मी आडवी पडल्या पडल्या झोपले. पण साडेसहाच्या सरावाला पोचायचं म्हणजे शिफ्टचं आधी बोलून ठेवावं लागतं. मी त्या दोन महिन्यांत सकाळी आठला सुरू करते, आणि साडेसातची मीटिंग एक सहकारी सांभाळतो. त्याच्या दिवाळीच्या रजेत त्याचं काम मी बघते.

ढोल सगळ्यांना जमत नाही, कान आणि शेजारी दोन्ही सांभाळावे लागतात. मग नाटक बघा. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह वाकड-हिंजवडीकरांना जवळ पडतं, कोथरूडकडच्यांना यशवंतराव चव्हाण. सुरू होण्याआधी मोबाइल बंद करायची सूचना होते आणि अंधारात स्क्रीन उजळली की मागच्या रांगेतले काका सोडत नाहीत. दोन-अडीच तास फोन बंद ठेवायची इतकी चांगली सक्ती दुसरीकडं मिळत नाही. सकाळी मोकळे असाल तर बाणेरची टेकडी किंवा वेताळ टेकडी. रविवारी लोणावळा लोकलनं मळवलीला उतरा आणि लोहगड चढा. मात्र एकटे जायचा बेत रविवारी पहाटे हमखास ढासळतो. दोघातिघांना आधी सांगून ठेवा, म्हणजे 'निघालास का' असा फोन येतो.

इथं फसाल: छंदालाही ऑफिस करू नका. माझ्या ओळखीतल्या एकानं पळायला सुरुवात केली आणि तिसऱ्या आठवड्यात रोजच्या किलोमीटरचा एक्सेल तक्ता बनवला, वर हिरवे-लाल रंग. त्याला म्हटलं, अरे, हे तर आपलं स्टेटस रिपोर्टच झालं.

## ८. रजा घ्यायची रीत

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात, म्हणजे २०१७ च्या कायद्यात, वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत आणि वर्षअखेर त्या वापरल्या नाहीत तर जातात. वर्षात किमान २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांना १ भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. व्यवस्थापकीय आणि गोपनीय स्वरूपाची पदं यातून वगळलेली आहेत आणि तुमच्या कंपनीचं धोरण याहून जास्तही देत असेल, म्हणून तेही वाचा. साठवता येते म्हणून साठवत बसू नका.

रजा क्लायंटच्या सुट्टीला जोडून टाका. अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा. त्या आठवड्यात तिकडून फारसं काही येत नाही, आणि परत आल्यावर मेलचा ढीगही छोटा असतो. मात्र दुकानदार क्लायंट असेल तर उलट, त्यांचा सगळ्यात गर्दीचा हंगाम तेव्हाच सुरू होतो.

जाण्याच्या तीन दिवस आधी बदली माणूस ठरवा आणि एक दिवस त्यालाच काम करू द्या, तुम्ही नुसतं शेजारी बसा. कुठं अडतो ते तुमच्या डोळ्यांदेखत कळतं. आउट ऑफ ऑफिसच्या उत्तरात त्याचं नाव घाला. 'तातडीचं असल्यास मला फोन करा' ही ओळ कृपा करून घालू नका. ती ओळ वाचून लोक फोन करतात.

लॅपटॉप गावी नेऊ नका. 'लागला तर असावा' म्हणून नेलेला लॅपटॉप लागतोच. परत आल्यावरची पहिली सकाळ कॅलेंडरवर अडवून ठेवा, मीटिंग नको, नाहीतर त्या भीतीनं रजेची शेवटची संध्याकाळ जाते.

## ९. ऑन-कॉलचा आठवडा वेगळा धरा

या आठवड्यात वरचं बरंचसं लागू होत नाही, आणि ते लागू करायचा प्रयत्नही करू नका. तुम्ही कामावर आहात, एवढं मान्य करा. ट्रेक, नाटक, लग्न असलं काही ठरवू नका. घरच्यांना रविवारीच सांगा. रात्री उठावं लागलं तर किती वाजता उठलात आणि किती वेळ गेला ते वहीत लिहा, आणि सोमवारी कॉम्प-ऑफ मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही.

आठवडा संपला तरी झोप येत नाही, रविवार दुपारपासून छातीत धडधडतं, घरच्यांवर विनाकारण ओरडणं होतंय, असं काही आठवडे चाललं असेल तर ही युक्त्या करून बघायची गोष्ट राहिलेली नाही. डॉक्टरांकडं जा. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. मी एकदा वेळेवर गेले नाही आणि त्याची किंमत दिली, त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

ऑन-कॉलच्या नंबराला वेगळी रिंगटोन लावा, जी बाकी कशालाच नसेल. बाकीचे फोन वाजले तर दचकायला होत नाही. आणि आठवडा संपून फोन पुढच्याच्या हवाली केला की ती टोन बदलून टाका. मी तीन वर्षं एकच ठेवली होती. एकदा मंडईत भेंडी निवडत असताना भाजीवाल्याच्या फोनवर तीच वाजली, आणि मी पिशवी तिथंच टाकून खिशात फोन चाचपायला लागले. 'अहो ताई, माझा वाजतोय,' तो म्हणाला.